सल्लागारांची निवड : चढाओढ फीची नको, कामाची हवी

महोदय,

महापालिका, नगर परिषदा, जिल्हा परिषदा आणि राज्य शासनाची महामंडळे आपल्या पुलांसाठी, रस्त्यांसाठी, शाळा-रुग्णालयांच्या इमारतींसाठी जे वास्तुविशारद आणि अभियांत्रिकी सल्लागार नेमतात, त्यांच्या निवडीची पद्धत हा विषय वृत्तपत्रांत क्वचितच येतो. पूल खचला किंवा इमारतीला तडे गेले की ठेकेदाराचे नाव छापून येते, एखाद्या अधिकाऱ्याचे निलंबन होते, फार तर चौकशी समिती नेमली जाते. पण त्या कामाचा आराखडा ज्याने केला त्याला ते काम कोणत्या निकषांवर आणि किती फीत मिळाले होते, हे कोणी विचारत नाही. माझी सारी नोकरी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बांधकाम खात्यांत गेली आणि सल्लागारांच्या निविदांची छाननी हा त्या नोकरीचा भाग होता. त्या अनुभवावरून एकच गोष्ट मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. नेहमीच्या स्वरूपाच्या कामांसाठी सल्लागाराची फी संस्थेने आधी ठरवून निविदेतच जाहीर करावी आणि इच्छुकांची चढाओढ फक्त गुणवत्तेवर होऊ द्यावी.

सध्याची रीत दोन लिफाफ्यांची आहे. पहिल्या लिफाफ्यात पूर्वानुभव, मनुष्यबळ, वार्षिक उलाढाल इत्यादी कागदपत्रे, दुसऱ्यात फीचा दर. लहान संस्थांत पहिला लिफाफा केवळ पात्र-अपात्र ठरवण्यापुरता असतो आणि पात्र ठरलेल्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी त्याला कार्यादेश दिला जातो. मोठ्या संस्थांत गुणवत्ता आणि खर्च यांच्या एकत्रित गुणांवर निवड होते, जिला सगळे ‘क्यूसीबीएस’ म्हणतात. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये ही पद्धत आहे आणि तांत्रिक गुणांचा भार ८० टक्क्यांच्या वर नेता येत नाही, अशी मर्यादाही तिथेच घातलेली आहे. ७० टक्के गुणवत्ता आणि ३० टक्के दर असे प्रमाण ऐकले की सामान्य माणसाला वाटते, म्हणजे गुणवत्तेलाच झुकते माप आहे. प्रत्यक्षातले गणित तसे नाही, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही.

समजा, एका सल्लागार संस्थेला तांत्रिक छाननीत १०० पैकी ९० गुण मिळाले आणि तिने ५० लाख रुपये फी मागितली. दुसरीला ७५ गुण मिळाले, पण तिची मागणी २० लाखांची आहे. सर्वांत कमी दराला १०० गुण आणि इतरांना त्या प्रमाणात, या नियमाने पहिलीला दराचे ४० आणि दुसरीला १०० गुण मिळतात. ७०:३० च्या हिशेबाने पहिलीचे एकूण गुण ७५ आणि दुसरीचे साडेब्याऐंशी होतात, म्हणजे काम दुसरीला जाते. प्रमाण ८०:२० केले तर दोघींचे गुण बरोबर ८० भरतात, आणि दुसरीने आपली फी आणखी रुपयाभराने जरी उतरवली तरी तीच पुढे जाते. याचे कारण उघड आहे. तांत्रिक छाननीत ७० किंवा ७५ च्या खालचे सगळे आधीच बाद झालेले असतात, त्यामुळे उरलेल्यांचे गुण ७५ ते ९० या अरुंद पट्ट्यात राहतात. दराचे गुण मात्र ४० पासून १०० पर्यंत कुठेही असू शकतात. कागदावर गुणवत्तेचा वाटा ८० टक्के असला तरी निकाल दराच्या २० टक्क्यांवर लागतो. बाजारातल्या सल्लागारांना हे पक्के ठाऊक आहे. तांत्रिक लिफाफा पात्रतेपुरता भरायचा आणि खरे डोके दर किती खाली नेता येईल याला लावायचे, असा त्यांचा हिशेब असतो. त्यात त्यांना दोष देता येणार नाही, कारण ही वाट त्यांना पद्धतीनेच दाखवली आहे.

वीस लाखांत काम घेतलेला सल्लागार तोटा सोसून काम करत नाही. तो काम कमी करतो, आणि कमी केलेले काम पहिल्या दोन-तीन वर्षांत कोणाला दिसत नाही. सर्वांत आधी कात्री लागते ती भूगर्भ चाचणीला. पुलाच्या प्रत्येक पायाच्या जागी छिद्र घेऊन खडक किती खोलीवर आहे ते पाहायला हवे. त्याऐवजी नदीच्या दोन्ही काठांवर एकेक छिद्र घेऊन मधला भाग अंदाजाने रेखाटला जातो. महाराष्ट्राची जमीन अशा अंदाजाला दाद देत नाही. काळ्या मातीखाली मुरूम, मुरमाखाली पिचलेला खडक आणि त्याखाली कठीण पाषाण हा क्रम पन्नास मीटरांवर बदलू शकतो. मग काम सुरू झाल्यावर ठेकेदार सांगतो की अंदाजपत्रकात धरल्यापेक्षा कठीण खडक जास्त लागला, किंवा धरलेल्या खोलीवर खडक लागलाच नाही. दोन्ही वेळा खोदाईचे परिमाण वाढते, पायाचे आरेखन बदलते, जादा बाबींचे दर मंजूर करावे लागतात आणि प्रकरण सुधारित प्रशासकीय मान्यतेपर्यंत, म्हणजे वाढीव खर्चाच्या नव्या मंजुरीपर्यंत पोचते. शहरातल्या रस्त्यांवर हीच गत जमिनीखालच्या वाहिन्यांची होते. जलवाहिनी, मलवाहिनी, विजेची आणि दूरध्वनीची केबल नेमकी कुठून जाते हे शोधायला पैसे आणि दिवस लागतात. ते वाचवले की नकाशावर सरळ रेघ मारून भागते आणि खरी वाहिनी जेसीबीच्या दातात सापडते.

यानंतर येते नक्कल. एका गावच्या शाळेचे आरेखन दुसऱ्या गावच्या शाळेला जसेच्या तसे लावलेले मी पाहिले आहे. पहिली जागा सपाट होती, दुसरी उताराची. नकाशातल्या शीर्षकाच्या चौकटीत गावाचे नाव तेवढे बदलले होते. ज्याला खोलात जाऊन गणित करायला वेळ नाही, तो सुरक्षिततेसाठी लोखंड आणि काँक्रीट सढळ हाताने धरतो, म्हणजे फीत वाचलेले पैसे सिमेंट-लोखंडावर कितीतरी पटीने बाहेर पडतात. आकड्यांत पाहायचे तर, ५० कोटींच्या कामावर दोन टक्के फी म्हणजे १ कोटी रुपये. ती ४० लाखांवर आणली तर संस्थेचे ६० लाख वाचले असे टिप्पणीत लिहिता येते. त्याच कामाची किंमत आराखड्यातल्या उणिवांमुळे अवघी पाच टक्के वाढली, तरी अडीच कोटी जातात. पण ही वाढ वेगळ्या फाइलवर, वेगळ्या वर्षात आणि बहुधा वेगळ्या अधिकाऱ्याच्या सहीने मंजूर होते, त्यामुळे ही दोन टिप्पणे शेजारी ठेवून कोणी बघत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी रस्त्यांच्या दोषांबद्दल सविस्तर प्रकल्प अहवाल करणाऱ्या सल्लागारांना जाहीर सभांतून अनेकदा धारेवर धरले आहे. त्यांचा राग अस्थानी नाही. मात्र ते अहवाल कोणत्या दराने आणि कशा निविदेतून घेतले गेले, हा प्रश्न त्या रागाच्या आधी यायला हवा.

मुंबईकरांना दोन उदाहरणे आठवत असतील. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा हिमालय पादचारी पूल कोसळला. त्याआधी झालेल्या संरचनात्मक तपासणीत हा पूल किरकोळ दुरुस्तीनंतर वापरण्याजोगा ठरवला गेला होता. अंधेरीचा गोपाळकृष्ण गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करून नव्याने बांधला गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची पातळीच जुळत नाही असे दिसून आले. पुढे बर्फीवाला पुलाचा भाग जॅकने उचलून जोडणी करावी लागली आणि जुलै २०२४ मध्ये ती वाहतुकीला खुली झाली. या दोन प्रकरणांत सल्लागारांची फी कमी होती असे माझे म्हणणे नाही. गोखले पुलाच्या बाबतीत रेल्वे आणि महापालिका यांच्यातील समन्वयाचाही प्रश्न होता. मुद्दा एवढाच की आरेखन आणि तपासणी ही कामे बौद्धिक निर्णयाची आहेत आणि त्या निर्णयाचे मोल निविदेतल्या दरावरून कळत नाही. संरचनात्मक तपासणीचे काम आजही अनेक ठिकाणी प्रति चौरस मीटर दराने आणि न्यूनतम बोलीवर दिले जाते. पुलाखाली उतरून गंजलेली तुळई ठोकून पाहणारा अभियंता आणि रस्त्यावरून छायाचित्रे काढून अहवाल लिहिणारा अभियंता यांचा चौरस मीटर सारखाच भरतो.

अमेरिकेने या प्रश्नाचा निकाल १९७२ मध्येच लावला. टेक्सासचे लोकप्रतिनिधी जॅक ब्रुक्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार तिथल्या संघराज्य सरकारच्या खात्यांना वास्तुविशारद आणि अभियंते निवडताना दर मागवताच येत नाहीत. खाते आपली गरज जाहीर करते, आलेल्या संस्थांच्या पात्रतेची छाननी करते, किमान तीन संस्थांशी चर्चा करून त्यांना क्रम लावते आणि मग पहिल्या क्रमांकाच्या संस्थेशी कामाची व्याप्ती व रास्त फी यांवर वाटाघाट करते. ती फिसकटली तर ती औपचारिकपणे संपवून दुसऱ्या क्रमांकाकडे जाते. दराची मोकळीक आहे असेही नाही. बहुतेक खात्यांसाठी आरेखनाच्या फीवर बांधकामाच्या अंदाजित खर्चाच्या सहा टक्क्यांची कायदेशीर कमाल मर्यादा आहे. यातली मोलाची गोष्ट मला वाटते ती ही की फीची चर्चा कामाची व्याप्ती निश्चित झाल्यावर होते. आपल्याकडे सल्लागार दर लिहितो तेव्हा किती छिद्रे घ्यायची, किती पर्याय तपासायचे, किती वेळा जागेवर यायचे यातले काहीच ठरलेले नसते. प्रत्येकाने आपल्या मनातल्या वेगळ्याच कामाचा दर लिहिलेला असतो आणि आपण ते दर एका तक्त्यात मांडून तुलना करतो.

योगायोगाने आपला वास्तुविशारद अधिनियमही १९७२ चाच आहे. त्याखाली स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेने फीची श्रेणी ठरवून दिली आणि १९८९ च्या व्यावसायिक वर्तनविषयक नियमांत ती श्रेणी वास्तुविशारदांनी पाळावी अशी अपेक्षा ठेवली. दुसरीकडे शासकीय निविदा त्याच वास्तुविशारदाला त्या श्रेणीच्या कितीतरी खाली उतरायला लावते. म्हणजे कायद्याने नेमलेली परिषद एक सांगते आणि शासनाचेच खाते त्याच्या नेमके उलट मागते. अभियंत्यांच्या बाबतीत हा विरोधाभासही नाही, कारण सल्लागार अभियंत्यांच्या व्यवसायाचे नियमन करणारा केंद्रीय कायदाच आपल्याकडे अद्याप झालेला नाही.

दर बाजूला ठेवला तर मर्जीतल्या माणसाला काम देणे सोपे होईल, हा आक्षेप मला माहीत आहे आणि तो खोटा नाही. मार्च २०२२ नंतर मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांत बराच काळ नगरसेवकांची स्थायी समितीच नव्हती आणि सारे निर्णय प्रशासकांच्या सहीने होत होते; अशा वेळी गुण देण्याचा मुक्त अधिकार चार अधिकाऱ्यांच्या हाती सोपवावा का, असे कोणीही विचारील. पण न्यूनतम दराने हा गैरप्रकार थांबतो, हा समज तपासून पाहायला हवा. ज्याला आपला माणूस आणायचा असतो तो पात्रतेच्या अटींतच आणतो. तीन वर्षांची अमुक कोटींची उलाढाल, त्याच स्वरूपाचे आणि त्याच रकमेचे पूर्ण केलेले काम, शहरात अमुक दिवसांपासून कार्यालय अशा अटींची मोट बांधली की मैदानात हवे तेवढेच उरतात, आणि त्यांच्यातला न्यूनतम दर मग बिनबोभाट स्वीकारता येतो. खरे सांगायचे तर न्यूनतम दराचा आग्रह प्रामाणिक अधिकारी धरतात तो वेगळ्या कारणाने. लेखापरीक्षणात ‘कमी दराची निविदा उपलब्ध असताना जास्त दर का स्वीकारला’ हा आक्षेप निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही. ‘आराखडा निकृष्ट का घेतला’ असा आक्षेप मात्र माझ्या पाहण्यात कधी आला नाही.

यावर उपाय केंद्र शासनाच्याच कागदात आहे. वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी खरेदी आणि प्रकल्प व्यवस्थापनाविषयी सर्वसाधारण सूचना काढल्या. त्यांत सल्लासेवेसाठी निश्चित खर्चावर आधारित निवडीची मुभा दिलेली आहे. काम साधे किंवा वारंवार येणारे आणि नेमके सांगता येण्यासारखे असेल, त्याच्या खर्चाचा विश्वसनीय अंदाज बांधता येत असेल आणि ती रक्कम सल्लागाराला काम नीट करायला पुरेशी असेल, तर फी निविदेतच छापायची आणि निवड केवळ तांत्रिक गुणांवर करायची. नगर परिषदांची आणि जिल्हा परिषदांची बहुतेक कामे याच वर्णनात बसतात: दहा-बारा वर्गखोल्यांची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, ओढ्यावरचा पूल, पाणीपुरवठ्याची वितरण व्यवस्था, मंडई, डांबरी रस्त्याचे काँक्रिटीकरण. अशा कामांच्या फीचा अंदाज प्रत्येक कार्यालयाला मागच्या फाइली काढून बांधता येतो. लेखापरीक्षकाच्या आक्षेपाची भीतीही इथे उरत नाही, कारण दर सर्वांना सारखाच असतो. अडचण एवढीच की केंद्राच्या सूचना राज्याच्या आणि स्थानिक संस्थांना आपोआप लागू होत नाहीत. त्यासाठी राज्याच्या वित्त विभागाचा स्वतंत्र शासन निर्णय लागेल.

मोठ्या आणि एकदाच होणाऱ्या कामांना ही पद्धत लागू पडणार नाही, हे मान्य आहे. नाट्यगृह, महत्त्वाचे स्मारक, शहराचा चेहरा बदलणारी इमारत यांच्यासाठी खुली आरेखन स्पर्धा हाच सरळ मार्ग आहे. दिल्लीतले राष्ट्रीय युद्ध स्मारक अशा जागतिक स्पर्धेतून आले. चेन्नईच्या एका तरुण संस्थेचे आरेखन त्यात निवडले गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये स्मारकाचे लोकार्पण झाले. उलाढालीची अट असती तर ती संस्था बहुधा दारातच अडली असती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीतल्या सेंट्रल व्हिस्टाच्या, म्हणजे संसद भवनासह त्या परिसराच्या पुनर्विकासाच्या, सल्लागारासाठी निविदा निघाली आणि ऑक्टोबरमध्ये ८०:२० च्या सूत्राने निवड पूर्णही झाली. देशाच्या संसदेच्या इमारतीबद्दल इतकी घाई आणि इतकी कमी सार्वजनिक चर्चा व्हावी, हे अनेक वास्तुविशारदांना तेव्हा खटकले होते, आणि मलाही ते पटलेले नाही.

गुण कसे द्यावेत याकडे त्याहून जास्त लक्ष हवे, कारण फी निश्चित केल्यावर सारा भार तिथेच येणार आहे. उलाढालीला गुण देणे बंद करावे. ती सल्लागाराची आर्थिक पत सांगते, आरेखनाचे कौशल्य नव्हे. तांत्रिक लिफाफ्यात ज्या ज्येष्ठ अभियंत्यांची माहितीपत्रके जोडलेली असतात, ते कार्यादेशानंतर पुन्हा दिसत नाहीत, हा सगळ्या खात्यांचा अनुभव आहे. म्हणून सादरीकरणाला संस्थेच्या विक्री प्रतिनिधीला न बोलावता प्रत्यक्ष आरेखन करणाऱ्या अभियंत्याला बोलवावे, त्याला त्याच जागेविषयी प्रश्न विचारावेत आणि करारात त्याचे नाव घालून परवानगीशिवाय तो बदलल्यास फीतून कपात ठेवावी. सल्लागाराने पाच वर्षांपूर्वी केलेल्या कामाला समितीने स्वतः भेट द्यावी आणि ते वापरणाऱ्या मुख्याध्यापकाला, वैद्यकीय अधिकाऱ्याला, पंपचालकाला विचारावे. समितीत खात्याबाहेरचे दोन सदस्य असावेत. जवळच्या अभियांत्रिकी आणि वास्तुकला महाविद्यालयांतून ते सहज मिळतील, मात्र त्या महाविद्यालयाला त्या वर्षी संस्थेने सल्लागाराचे काम दिलेले नसावे. फी प्रत्यक्ष झालेल्या खर्चाच्या टक्केवारीवर कधीच नसावी, कारण काम महागले की फी वाढते, अशी उलटी व्यवस्था त्यातून तयार होते. ज्याने प्रकल्प अहवाल केला त्यालाच पुढे कामावर देखरेख करणारा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार म्हणून नेमण्याची रीतही थांबवावी. स्वतःच्या नकाशातली चूक नोंदवणारा माणूस विरळाच.

राज्याच्या वित्त विभागाने निश्चित फीच्या पद्धतीचा शासन निर्णय काढावा आणि नगरविकास व ग्रामविकास विभागांनी त्यासोबत नमुना निविदा द्यावी, कारण लहान नगर परिषदेत एकच अभियंता असतो आणि त्याच्याकडून स्वतंत्र निविदा प्रपत्राची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. प्रत्येक सदस्याने दिलेले गुण आणि त्यामागची कारणे कार्यादेशाच्या दिवशी संस्थेच्या संकेतस्थळावर टाकावीत. सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या प्रत्येक प्रस्तावात एक रकाना वाढवावा: झालेल्या वाढीपैकी किती रक्कम आराखड्यातील उणिवेमुळे वाढली आणि तो आराखडा कोणाचा होता. तो रकाना तीन वर्षे प्रामाणिकपणे भरला गेला, तर पुढच्या निवडीत गुण कोणाला द्यायचे हे ठरवायला समितीकडे आजच्या माहितीपत्रकांपेक्षा कितीतरी चांगला आधार असेल.

आपला,
एक निवृत्त कार्यकारी अभियंता,
कोल्हापूर